रिकामी गव्हाण

शाळेच्या माळ्यावरचं नाताळचं खोकं खाली आलं की आधी डांबरगोळ्यांचा वास येतो, मग धुळीचा, आणि मग अगदी तळातून पेंढ्याचा. वर्षभर दडपून ठेवलेला भाताचा पेंढा. तसा तो आमच्याकडचा नव्हे. आमच्या जतच्या बाजूला भात कुठला, ज्वारी. आमच्या जनावरांनी जन्मभर कडबा खाल्ला. पण वाळल्या काडीचा वास कुठल्याही पिकाचा असो, तो मला उचलून गावात नेऊन ठेवतो. काल खोकं उघडलं आणि मी शिडीच्या तिसऱ्या पायरीवर तशीच उभी राहिले. खालून सिस्टर म्हणाल्या, "मंगल, चक्कर येतेय का?"

म्हटलं, "नाही सिस्टर. वास येतोय."

डिसेंबर लागायला आलाय. सकाळी बस घोडबंदर रोडवर अडकून उभी राहते तेव्हा येऊरच्या डोंगरावर धुकं दिसतं. मी त्याला धुकं म्हणते, शेजारी बसलेले पोल्युशन म्हणतात. टॉवरांच्या मागं जे जुनं गावठाण उरलंय तिथल्या खिडक्यांत कागदी तारे लटकायला लागलेत. आणखी पंधरा दिवसांनी त्याच खिडक्यांतून नाताळचे गोड कुलकुल तळल्याचा वास येईल आणि गेल्या वर्षीसारखीच एखादी आजी हाक मारून माझ्या हातावर चार ठेवील. माझी ओळख नाही, पाळख नाही. शाळेतली मावशी एवढीच ओळख. ती पुरते.

मी या शाळेत मावशी आहे. चौथीपर्यंतची कॅथलिक शाळा. वर्ग झाडायचे, पाण्याच्या टाक्या भरायच्या, लहान्यांना बाथरूमला न्यायचं, बुटांच्या नाड्या बांधायच्या. दिवसाला किती नाड्या बांधते ते मी मोजत नाही, पण स्वतःच्या पोरीची एक नाडी बांधायला मिळत नव्हती तेव्हा प्रत्येक गाठ जरा घट्टच बसायची.

मी घाबरट बाई आहे, हे आधीच सांगून टाकते. कोपर स्टेशनाजवळच्या आमच्या खोलीला कुलूप लावलं की दोनदा ओढून बघते आणि जिना उतरल्यावर पुन्हा वर जाते. शाळेतले नळ बंद केले तरी हातानं चाचपते. गेल्या वर्षी तर घाबरायला कारणही होतं. मी टेम्पररी होते. "नाताळानंतर बघू," असं सिस्टर म्हणाल्या होत्या. सिस्टर म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका. त्यांनी कायम केलं तर माझ्या स्वराला गावाहून आणता येणार होतं, याच शाळेत घालता येणार होतं. इथं काम करणाऱ्यांच्या मुलांना जागा मिळते. मालकांची, म्हणजे स्वराच्या वडलांची, गोदामातली नोकरी आज इथं, उद्या तिथं. त्यांच्या भरवशावर पोरीची शाळा ठरवता येत नव्हती. तोवर ती सहा वर्षांची पोर माझ्या आईजवळ. दर रविवारी फोनवर तिचं एकच.

"आई, तू मला कवा नेणारैस?"

"नाताळ झाला की."

नाताळ म्हणजे काय हे तिला माहीत नव्हतं. तो कुठलातरी घाट असावा आणि उतरला की ठाणं लागत असावं, असं तिच्या मनात होतं. एकदा तिनं विचारलं होतं, "नाताळात गाडी लागती का गं?" उलटीची तिला फार भीती.

खोलीत मी तिच्यासाठी भिंतीला एक खिळा ठोकून ठेवला होता, दप्तर अडकवायला. तिचा हात पोचेल अशा उंचीवर, माझ्या कमरेच्या जरा वर. येता-जाता पदर अडकायचा त्यात. मालक म्हणायचे, "काढ की तो, रिकामा कशाला?" मी काढत नव्हते. पण त्याच्याकडे बघतही नव्हते.

कामावर घेतलं त्या पहिल्याच दिवशी सिस्टरांनी एक नियम सांगितला होता. प्रार्थनेच्या वस्तूंना न विचारता हात लावायचा नाही. माझ्या आधीच्या मावशींच्या हातून कसलीशी मूर्ती फुटली होती म्हणे. त्या मावशी आता नाहीत, म्हणजे नोकरीवर नाहीत. एवढं मला कळायला पुरेसं होतं.

तिसरीच्या वर्गात आठवड्यातून तीनदा, शेवटच्या तासाला मुलं दोन ठिकाणी बसतात. बाकीची नीतिमूल्यांच्या तासाला जातात आणि ख्रिस्ती घरांतली चौदा मुलं धर्मशिक्षणाला फिलू टीचरांपाशी थांबतात. मी त्या वेळी बाहेर पॅसेज पुसत असते आणि दार उघडं असतं. धर्म शिकवतात म्हणजे पाठांतर करून घेत असतील, असं मी धरून चालले होते. आमच्याकडे मारुतीच्या देवळात मुलांकडून स्तोत्र घोकून घेतात तसं. पण फिलू टीचर काही शिकवेचनात! त्या विचारायच्या आणि मुलं अंदाज करायची. मागच्या भिंतीवर खाकी कागद लावलेला, त्यावर मुलांनी चिठ्ठ्या डकवायच्या. "मरियामातेला भीती वाटली असेल का?" "देव झोपतो का?" "योसेफ कधी ओरडायचा का?" शाळा इंग्रजी माध्यमाची, पण या तासाला टीचरांनी घरच्या भाषेची मुभा दिलेली. म्हणायच्या, "मनातला प्रश्न इंग्लिशमध्ये केला की अर्धा होतो."

एकदा टाकी भरताना न राहवून मी त्यांना म्हटलं, "टीचर, रागावू नका. पण तुम्ही उत्तर का देत नाही? येत असेल की तुम्हाला."

त्या हसल्या. "काही येतात, काही येत नाहीत. पण मंगलताई, मी उत्तर दिलं की मुलं थांबतात ना. आणि हे असं आहे की इथं थांबून चालत नाही."

मला नीटसं कळलं नाही. आमच्या शाळेत प्रश्न गुरुजींचे आणि उभं राहणं आमचं. 'का' हा शब्द मी लहानपणी बहुतेक वेळा मार बसायच्या आधी ऐकलाय. "का आली नाहीस?" "का सांडलंस?" त्या 'का'ला उत्तर नको असायचं. सातवी झाली. पुढची शाळा पाच किलोमीटरवर, म्हशी दोन, आईचा गुडघा धरलेला. आई म्हणाली, "पुरं आता." आईला दोष देत नाही मी. तिनं तिच्या परीनं मला पुष्कळ शिकवलं. फक्त त्या दिवशी कुणी मला विचारलं असतं, "मंगल, तुला काय वाटतं?" तर उत्तर काय दिलं असतं, हे मी अजून कधीकधी पोळ्या लाटताना ठरवत असते.

तर गेल्या वर्षीचा डिसेंबर. नाताळाच्या आधीचे चार आठवडे ही माणसं वाट बघतात. त्याला आगमनकाळ म्हणतात. हिरव्या पानांच्या कड्यात चार मेणबत्त्या, तीन जांभळ्या, एक गुलाबी. आठवड्याला एक वाढते. तिसरीच्या वर्गात कोपऱ्यात येशूच्या जन्माचा गोठा मांडला होता. मरियामाता, योसेफ, दोन मेंढरं, एक गाय, कान तुटलेलं गाढव. मध्ये लाकडाची छोटी गव्हाण. टीचरांनी नेम घालून दिला. जो प्रश्न विचारील त्यानं पेंढ्याची एक काडी गव्हाणीत ठेवायची. सुट्टी लागेपर्यंत बाळासाठी गादी तयार झाली पाहिजे. हे मला मागाहून कळलं, मी दारापाशी पोचले ती पुढच्या प्रश्नाला.

मग त्यांनी विचारलं, "पण गव्हाण म्हणजे काय?"

चौदाजणांचे अंदाज सुरू.

"पाळणा!"

"टब."

"बेबी कॉट, टीचर. पण गरिबांचा."

बाहेर माझ्या हातात पोछा तसाच. अख्ख्या शाळेत, सिस्टर धरून, गव्हाणीत हात घातलेली मी एकटी असेन. आमच्या गोठ्यातली गव्हाण दगडमातीची होती, माझ्या छातीइतकी. जनावरांच्या जिभांनी आतून घासून घासून ती अशी गुळगुळीत झालेली की गाल टेकावा. टेकलेलाही आहे. आई धार काढायला बसली की मला गव्हाणीत कडब्यावर ठेवायची, खाली विंचूकाट्याचं भय म्हणून. म्हशीचा गरम श्वास यायचा तोंडावर. आणि आईचा एक नेम होता. संध्याकाळी दिवा लावायच्या आधी गव्हाणीत मूठभर तरी वैरण टाकायचीच. दुष्काळात दावणीला जनावर उरलं नव्हतं, तेव्हाही टाकायची. "रिकामी गव्हाण ठिवू नै. बघवत नै." एवढंच.

हे सगळं तोंडाशी आलं होतं. पण मावशीनं वर्गात बोलायचं नसतं. मी पुसत पुढं गेले.

शाळा सुटल्यावर तिसरीचा वर्ग झाडायला घेतला. कवडसा बरोबर गोठ्यावर पडला होता. पहिलाच दिवस, गव्हाणीत काडी एकही नाही. गाय वाकून बघतेय आणि आत काही नाही. मरियामाता हात पसरून बसलेली आणि आत काही नाही. मी झाडू टेकून ठेवला. म्हटलं आपल्याला काय करायचंय. पुन्हा झाडायला लागले. पुन्हा नजर तिकडंच. मग खोकं आवरताना तळाशी जुन्या पेपरात गुंडाळलेलं काहीतरी हाताला लागलं. सोडलं तर बाळ. वीतभरही नाही. हसतंय.

माझी खात्रीच झाली की हे लोक विसरले. एवढ्या घाईत मांडामांड केली, बाळच राहिलं. आणि कुणाच्यातरी आईपुढं रिकामी जागा... मी पेंढ्याची चांगली मूठभर मऊ काडी निवडली, गव्हाणीत पसरली आणि बाळ त्यावर ठेवलं. पाया पडले. दिवे-पंखे बंद केले, नळ चाचपले आणि त्या दिवशी एकदाच कुलूप ओढून बघून घरी गेले. इतकं मला बरं वाटत होतं.

सकाळी शाळा भरली आणि तिसरीतून आरडाओरडा.

"टीचर! बेबी जीझस आला!"

"इतक्या लवकर?"

"मिरॅकल! टीचर, मिरॅकल झालं!" जेनिशा नावाची पोरगी हात जोडून गुडघ्यांवर बसलीसुद्धा.

मग मला कळलं. बाळ ठेवायचं असतं ते शेवटी. नाताळाआधी गव्हाण रिकामीच असते. मुद्दाम. ती रिकामी दिसणं हाच तर त्या चार आठवड्यांचा धडा. न विचारता हात लावायचा नाही. आणि मी हात लावला होता, तोही असा.

त्या दिवशी मी काय काम केलं मला सांगता येणार नाही. टाकी दोनदा ओसंडली. सिस्टर पॅसेजमधून गेल्या तर मी खांबामागं. मनात एकच चाललेलं, रविवारी स्वराला काय सांगू? नाताळ पुढं गेला म्हणून सांगू?

शेवटचा तास लागला. मी पॅसेजमध्ये होतेच. फिलू टीचर म्हणाल्या, "जेनिशा म्हणते चमत्कार. असेल. पण बाकीचे अंदाजही तपासू या."

"वॉचमन काका."

"बाळालाच घाई झाली असेल."

"टीचर, इवाननंच केलं असणार! मागच्या वर्षी यानंच गोठ्यात डायनासोर बसवलेला."

"मी नाय रे!" इवान म्हणाला.

"तूच रे तू. खोटारडा. आता जीझस बघतोय बघ."

"आईशप्पथ, मी नाय..." आणि इवानची मान खाली. कानांच्या पाळ्या लाल. टीचर म्हणाल्या, "शिक्षा कुणालाच नाही. ज्यानं ठेवलं त्याच्याकडून मला फक्त 'का' हवंय." पण मुलांनी ठरवून टाकलं होतं आणि इवानलाही ते कळलं होतं.

तशी मान मी ओळखते. तशी मान घातलेलं पोर पुढं वर्गात कधी बोट वर करत नाही.

मी दारात गेले. पोछा हातातच. "टीचर, मी ठेवलं."

वर्ग वळून बघायला लागला. आणि त्याच वेळी माझ्या पाठीमागं पायांचा आवाज आला. सिस्टर. गडबड ऐकून आल्या असणार. आता लपायला खांब नव्हता.

फिलू टीचर शांतपणे म्हणाल्या, "का, मंगलताई?"

तो 'का' मला अनोळखी होता. त्याच्यामागं हात उगारलेला नव्हता. मी बोलायला लागले. काय बोलले क्रमानं आठवत नाही. म्हशी, कडबा, गुळगुळीत दगड, आईची मूठ. मुलं बाकांवरून पुढं सरकली.

"म्हणजे गव्हाण म्हणजे गाईची डिश?"

"ताट म्हण."

"ई, मग त्यात थुंकी असते?"

"असते की. लाळ असते. पण ऊबही असते."

"तुम्ही खरंच त्यात झोपायचा? गाय चावली नाही?"

"म्हैस होती. माझा फ्रॉक खाल्ला एकदा."

वर्ग हसला. इवानही. मग जेनिशानं विचारलं, जरा रागानंच, तिचा चमत्कार गेला होता ना, "पण रिकामी असली तर काय होतं? तुमच्या घरी काय रिकामं आहे?"

मी सांगितलं. खिळा.

एका मुलीनं हळूच विचारलं, "ती येणार आहे ना पण?" मी सिस्टरांकडे बघितलं नाही. म्हटलं, "वाट बघतेय."

"मग आपल्यासारखंच," ती म्हणाली.

टीचर म्हणाल्या, "मंगलताई, तुम्हाला काही विचारायचंय का आम्हाला?"

मला. तुम्हाला विचारायचंय का म्हणे. छत्तीस वर्षांच्या बाईला. आणि खरं सांगते, एक प्रश्न आदल्या दुपारपासून माझ्या डोक्यात होता. मी म्हटलं, "बाळाला गव्हाणीत ठेवलं म्हणता. मग त्या गाईनं त्या दिवशी खाल्लं कुठं?"

फिलू टीचरांनी खडू उचलला. "हा मला कधी पडलाच नव्हता," त्या म्हणाल्या. बावीस वर्षं हा तास घेतायत त्या.

मग जो कल्ला झाला! गाईचा उपास होता. योसेफनं हातानं भरवलं. गाढवानं आपल्यातलं दिलं. टीचर एकेक अंदाज फळ्यावर लिहीत होत्या. आणि मघाशी मान खाली घालून बसलेला इवान म्हणाला, "टीचर, ते तीन राजे तर नंतर आले ना बाळाला गिफ्ट घेऊन? मग फर्स्ट गिफ्ट गाईनं दिलं. तिनं जागा दिली."

टीचरांनी तेही फळ्यावर लिहिलं. इवाननंच उठून पेंढ्याची एक काडी माझ्या हातात दिली. "प्रश्न विचारला ना तुम्ही. ठेवा."

बाळ पुन्हा पेपरात गेलं. माझी मूठभर वैरणही काढली, मी स्वतःच काढली. रिकाम्या गव्हाणीत माझी एक काडी. ती रिकामी दिसत होती आणि पहिल्यांदाच मला बघवत होती.

सिस्टर बाहेर माझ्यासाठी थांबल्या होत्या. म्हणाल्या, "मंगल, नियम काय आहे?"

"न विचारता हात लावायचा नाही."

"मग पुढच्या वेळी विचारायचं." आणि चार पावलं जाऊन वळल्या. "मुलगी कितवीत जाईल जूनमध्ये?"

मला 'दुसरीत' हा शब्द सापडेना. दोन बोटं वर केली.

माझ्यावर उपकार कुणाकुणाचे ते मी रोज मनात म्हणते. फिलू टीचरांचा 'का', सिस्टरांची ती दोन वाक्यं, इवानची काडी. पाठ आहे मला. पाठांतराची सवय जात नाही.

स्वरा जूनमध्ये आली. गाडी लागली नाही, आणि नाताळचा घाट कुठं गेला म्हणून विचारत राहिली. खोलीत पाऊल टाकल्या टाकल्या मी तिला खिळा दाखवला. तिनं दप्तर अडकवलं तर खिळा तिच्या खांद्याच्याही खाली. "आई, किती खाली ठोकलायस गं!" माझ्या डोळ्यांत ती जेवढी होती तेवढ्या उंचीवर मी खिळा ठोकलेला. मधल्या काळात पोर गावाकडं वाढून गेली होती. मालकांनी वर दुसरा खिळा मारून दिला.

काल खोकं उतरवताना ती शाळेतच होती, मला मदत करत. तिचा वर्ग दुसरा, तास नीतिमूल्यांचा. पण गोठा मांडायला सगळे असतात. चौथीतला इवान कान तुटलेलं गाढव पुसत होता. स्वरा गव्हाण हातात घेऊन म्हणाली, "ही तर आजीच्या गोठ्यातली. बारकी. आई, रिकामी का ठेवायची?"

उत्तर मला येत होतं. चांगलं पाठ होतं. इवान माझ्याकडे बघत होता.

म्हटलं, "तुला काय वाटतं?"

ती विचार करत राहिली. बसमध्येही. घरी आल्यावर वरच्या खिळ्याला दप्तर अडकवलं आणि खालच्याला बोट लावून म्हणाली, "आणि हा? हा काढ की. पदर फाटतोय तुझा."

"राहू दे."

"कुणासाठी?"

"सांग तूच."

हातपाय धुवायला मोरीत गेली. नळाचा आवाज, तांब्याचा आवाज. मी परातीत पीठ घेतलं होतं. आतून तिनं ओरडून पहिला अंदाज सांगितला.

"तुझ्या दप्तराला?"

सातवीनंतर मला दप्तर नव्हतं. नळ वाहत होता. मी उठून चाचपायला गेले नाही.